मसाल्याचं नाव ठरवताना: कानापासून ट्रेडमार्कपर्यंत बावीस महिने

पदार्थ दोनच, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट. भागीदारीतला छोटा गृहउद्योग, आणि तोवर पाकिटावर नुसती छापील चिठ्ठी. जानेवारी २०२३ मध्ये नाव शोधायला बसलो आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं. मधे काय काय झालं ते क्रमाने लिहितो. शुल्काचे आकडे आम्ही भरले तेव्हाचे आहेत. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

पहिल्या आठवड्यातली यादी आपल्या भाषेनेच आयती दिली होती. खमंग, खरपूस, चमचमीत, झणझणीत, ठसका, तडका. शाळेत ‘अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द’ म्हणून जे पाठ केले, ते स्वयंपाकघरात किती कामाचे आहेत हे अशा वेळी कळतं. कुरकुरीत, चुरचुरीत, खुसखुशीत आणि करकरीत यांत नेमका काय फरक आहे ते कुणाला समजावून सांगता येणार नाही, पण शेव मऊ पडली की ‘कुरकुरीत’ म्हणायला जीभ वळत नाही. लुसलुशीत पोळी, गुळगुळीत पुरण, मिळमिळीत आमटी. शब्द उच्चारताना तोंडात जे होतं, तेच घास खाताना होतं असं वाटावं इतकी जवळीक.

आणि नेमकी हीच नावं ट्रेडमार्कला चालत नाहीत.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ९(१)(बी) सांगतं, की मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, उपयोग किंवा उगमस्थान एवढंच सांगणारा शब्द कुणा एकाच्या मालकीचा होत नाही. ‘खमंग’ हे मसाल्याचं नाव नव्हे, वर्णन आहे. मसाला विकणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द लागतो. गावाच्या नावाचंही तसंच. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांना भौगोलिक निर्देशांक (मालाचं नाव त्याच्या मूळ भागाशी बांधणारी ‘जीआय’ नोंद) मिळालेला आहे, आणि असं नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, त्याला वेगळ्या कायद्याने मनाई आहे. कलम ९ मध्ये एक पळवाट आहे. वर्णनाचा शब्दसुद्धा अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने एका विक्रेत्याशी जोडला गेला असेल, तर तो नोंदवता येतो. ‘लिज्जत’ म्हणजे मुळात चवच, पण शब्द ऐकला की आधी पापड आठवतो, कारण १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी सुरू केल्यापासूनची वर्षं त्यामागे उभी आहेत. तेवढी वर्षं आमच्याकडे नव्हती.

म्हणजे शब्दाच्या अर्थातून चव सांगायची नाही. मग उरतो त्याचा आवाज. कायद्याची हरकत अर्थाला असते, ‘ट’ला किंवा ‘म’ला नसते. पुढचे दोन महिने आम्ही या एकाच सुताने गेलो, आणि नाव शोधणाऱ्या कुणालाही मी आता हेच सुचवेन.

आवाजातून आकार, स्पर्श, चव जाणवते यावर बरंच काम झालेलं आहे. १९२९ मध्ये एडवर्ड सपिर या भाषाशास्त्रज्ञाने ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द देऊन विचारलं, यातलं मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी ‘माल’ला मोठं ठरवलं. त्याच वर्षी वुल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने टोकदार आणि गोल आकृत्यांना बनावट नावं जोडायला सांगितली. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच खेळ ‘बूबा-किकी’ म्हणून प्रसिद्ध केला: गोल आकृती ती ‘बूबा’, टोकदार ती ‘किकी’. पुढे पंचवीस भाषांमधल्या ९१७ लोकांवर तो करून पाहिला, तेव्हा सरासरी ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. म्हणजे दहातले तिघे उलटं सांगतातच. बाजारातल्या नावांबद्दल यॉर्कस्टन आणि मेनन यांचा २००४ चा प्रयोग आमच्या कामाला सगळ्यात जवळचा वाटला. एकाच आइस्क्रीमला ‘फ्रॉश’ आणि ‘फ्रिश’ अशी दोन नावं दिली, तर ‘फ्रॉश’ लोकांना जास्त दाट, सायीचं वाटलं.

हे वाचून लगेच ‘इ म्हणजे लहान, आ म्हणजे मोठं’ असा तक्ता भिंतीवर लावू नये. आपल्याकडे चिमणी, टिकली, इवलीशी आहेत. पण किल्ल्यातही ‘इ’च आहे आणि तो लहान नाही. शिवाय आपल्या भाषेचा स्वतःचा साठा सगळ्या प्रयोगांवर भारी पडतो. आमचं एक बनावट नाव होतं ‘मोळम’. म, ओ, ळ, सगळं मऊ आणि गोल, मेतकुटाला शोभेल असं वाटलं. चार जणांसमोर मोठ्याने उच्चारलं, तर तिघांचं तोंड वाकडं झालं. कारण नंतर लक्षात आलं. मिळमिळीत, बुळबुळीत, गिळगिळीत! खाण्याच्या संदर्भात आपला ‘ळ’ दोनदा आला की कान निसरडेपणाच ऐकतो, आणि एकदा आला तरी ‘म’च्या शेजारी तो संशयास्पद असतो. झुळझुळ, खळखळ पाण्याला छान, मसाल्याला नको.

फेब्रुवारीत चाचणी केली. पद्धत साधी आहे, पण दोन-तीन ठिकाणी हमखास चुकते.

दोन वाट्या, एकीत मसाला, दुसरीत मेतकूट. समोरच्याला दोन्ही चाखायला द्यायचं, मग दोन नावं मोठ्याने म्हणायची आणि ‘कुठलं कशाचं?’ एवढंच विचारायचं. नावं कागदावर दाखवायची नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांवर लिहून दाखवली आणि निकाल विस्कटले. देवनागरीत ‘ट’ आणि ‘ठ’ कानाला कडक असले तरी डोळ्याला गोल दिसतात. ‘ठ’ तर चक्क लाडू आहे. रोमनमधला ‘के’ टोकदारही दिसतो आणि ऐकूही तसाच येतो, त्यामुळे तिकडच्या लेखांत हा घोळ जाणवत नाही. तेव्हा आधी कान, मग डोळा, आणि दोन्हींच्या नोंदी वेगळ्या. दुसरं म्हणजे नावांचा क्रम दर माणसागणिक उलटायचा. नाहीतर पहिलं ऐकलेलं नाव पहिल्या वाटीला चिकटतं. तिसरं, ‘आवडलं का?’ हे विचारायचंच नाही. ओळखीचे लोक होच म्हणतात. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी फोन करून ‘काल कुठलं नाव सांगितलं होतं?’ असं विचारायचं. जे आठवलं ते नाव, आणि जसं आठवलं तो त्याचा खरा उच्चार.

या फोनने बरीच नावं गाळली. ‘ठिणगी’ आमचं लाडकं होतं. अर्थ थेट तिखटपणाचा नाही, नुसता सूचक, म्हणजे कायद्यालाही बरं. रोमनमध्ये लिहिलं आणि मुंबईतल्या एका दुकानदाराने ‘थिंगी’ वाचलं. ‘गोमट’ मेतकुटाला सुरेख होतं, गोरंगोमटं. रोमनमध्ये तेही हमखास ‘गोमाता’च्या वळणावर जायचं. मराठी नाव घेणाऱ्याने ‘ठ’, ‘ण’, ‘ळ’, ‘झ’ आणि दोन प्रकारचे ‘च’ रोमनमध्ये कसे दिसतील हे पहिल्याच दिवशी लिहून बघावं. ऑनलाइन मागवणारे लोक इंग्रजी कळफलकावरच शोधतात.

खरी अडचण वेगळीच होती. मसाल्याला ट, ठ, ख, झ असा कडक किंवा श्वास सोडणारा आवाज हवा. मेतकुटाला म, ग, ऊ, ओ. दोन नावं घेतली तर दोन अर्ज आणि दुप्पट शुल्क. एकच नाव घ्यायचं तर त्यात दोन्ही बाजू हव्यात. शेवटी जे सापडलं ते खलबत्त्यातून आलं: कूटमूठ. ‘कूट’मध्ये घाव आहे, कुटतानाचा आवाज आहे, आणि मेतकुटातला अर्धा शब्दही. ‘मूठ’ म्हणताना ओठ मिटतात, मग गोल होतात. शिवाय ते घरातलं मापच आहे, मूठभर डाळ, मूठभर दाणे. ‘कूट म्हणजे कपटसुद्धा’ अशी एक शंका आली, कूटनीती वगैरे. खाण्याच्या पाकिटावर तो अर्थ कुणाला सुचेल असं वाटलं नाही, म्हणून राहू दिलं. रोमनमध्ये एका ‘यू’ने लिहिलं तर इंग्रजी वाचणारा ‘कट माउथ’ वाचतो, तिखट मसाल्यासाठी हे जरा जास्तच खरं होतं! दोन-दोन ‘ओ’ घालून स्पेलिंग ठरवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शोध. पेटंट-ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च’ फुकट आहे. नुसतं हुबेहूब नाव टाकून ‘काही नाही’ म्हणून उठू नका. ‘फोनेटिक’ हा पर्याय निवडा आणि जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी टाका: एक यू, दोन ओ, शेवटी एच असलेलं, नसलेलं, नुसतं पहिलं पद, नुसतं दुसरं पद. आवाजाचं साम्य इथे किती जड असतं याचं जुनं उदाहरण म्हणजे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दोन औषधनावं एकंदर रचनेत आणि उच्चारात फसगत होण्याइतकी सारखी ठरवली, कारण साधा गिऱ्हाईक शब्द फोडून अर्थ तपासत बसत नाही, तो पुसट आठवणीवर माल मागतो. (मूळ मालकाने बरीच वर्षं आक्षेप न घेतल्यामुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, ही त्यातली गंमत.) आमचा दुसऱ्या दिवशीचा फोन म्हणजे या ‘पुसट आठवणी’चीच घरगुती चाचणी होती, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

मग वर्ग. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले, चटण्या, मेतकूट ३० मध्ये; लोणची २९ मध्ये; कोकम सरबत ३२ मध्ये. दर वर्गासाठी शुल्क पुन्हा वेगळं भरायचं. पुढे लोणचं करायचा विचार होता, पण पैसे बघून फक्त ३० घेतला. शुल्क ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. भागीदारी संस्था आपोआप स्वस्त गटात येत नाही. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ती नोंदणी मोफत आहे आणि ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. डिजिटल सिग्नेचर आम्हाला १,६५० रुपयांना पडली. अर्ज स्वतः भरला, एका जाणकाराकडून दोन हजार देऊन तपासून घेतला. एजंट नेमला तर त्याला टीएम-४८ हे अधिकारपत्र द्यावं लागतं.

१४ मार्च २०२३ ला टीएम-ए फॉर्म, म्हणजे नोंदणीचा अर्ज, दाखल. त्यात तीन जागी थांबून विचार करा.

पहिली जागा, चिन्हाचा प्रकार. आम्ही लोगो न घेता नुसता शब्द नोंदवला, म्हणजे उद्या अक्षरांचं वळण बदललं तरी बाधा नाही. दुसरी, वापर कधीपासून. आधीपासून विकत असाल तर तारीख, प्रतिज्ञापत्र आणि बिलं लागतात. आमचा माल जुना, पण नाव नवं, म्हणून ‘वापरायचा विचार आहे’ हा पर्याय. उगाच जुनी तारीख टाकू नये, पुढे ती सिद्ध करावी लागते. तिसरी जागा म्हणजे अर्थ आणि भाषा. इथे आम्ही चुकलो. प्रामाणिकपणे शब्द फोडला आणि लिहिलं: कूट म्हणजे कुटलेली पूड, मूठ म्हणजे मूठ. मसाल्याच्या अर्जात ‘कुटलेली पूड’ असं स्वतःच्याच हाताने लिहून दिलं! अर्थ लपवायचा नाही, पण ‘दोन पदांचा नव्याने जुळवलेला शब्द, जोडशब्द म्हणून मराठीत प्रचलित नाही’ हे त्याच ओळीत यायला हवं होतं.

त्यानंतर वाट. अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघता येते. ‘फॉर्मॅलिटीज चेक पास’, मग ‘मार्क्ड फॉर एक्झाम’. अर्ज दाखल झाल्यापासून नावाशेजारी छोटा ‘टीएम’ लावायला हरकत नसते. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. छापखान्यात सवयीने लावून देतात, प्रूफ नीट बघा. आणि ब्रँडचं नाव कितीही बोलकं असलं तरी पाकिटाच्या दर्शनी भागावर पदार्थाचं नाव वेगळं लिहावंच लागतं, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांकही लागतो. ‘खमंग’ हा शब्द आम्ही तिथे, पदार्थाच्या नावाआधी, वापरून घेतला. वर्णन म्हणून तो सगळ्यांचा आहे, तसा आमचाही.

जुलैअखेर स्थिती ‘ऑब्जेक्टेड’ झाली. छातीत धस्स झालं, पण हा नेहमीचा टप्पा आहे. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे परीक्षकाची हरकत. ‘ऑपोज्ड’ म्हणजे तिसऱ्या कुणाचा विरोध. दोन्ही शब्द एकच समजून लोक घाबरतात. आमच्या अर्जावरच्या परीक्षकाच्या अहवालात हरकत अपेक्षितच होती, कलम ९(१)(बी): शब्द मालाचं वर्णन करतो. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचं असतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. शुल्क नाही. ईमेलवर विसंबू नका, दर आठवड्याला स्थिती बघा.

उत्तर दोन पानी. मुद्दे तीनच ठेवले. चिन्ह अखंड बघावं, पदं सुटी करून नाही. ‘कूटमूठ’ हा शब्द कोशात नाही आणि मसाल्याला कुणी तसं म्हणत नाही. दुकानात जाऊन ‘पाव किलो कूटमूठ द्या’ असं कोणी मागत नाही. आणि ‘कूट’ या सुट्या पदावर आमचा हक्क आम्ही सांगत नाही, कायद्याचं कलम १७ तसंही तो देत नाही. सोबत लेबलचा फोटो आणि तोवरची बिलं. ‘हे नाव ऐकून चव येते’ हे वाक्य कच्च्या मसुद्यात होतं. ते कापलं. जे गिऱ्हाइकाला सांगायचं, ते परीक्षकाला सांगितलं तर त्याच्याच हरकतीला पुष्टी मिळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुनावणी, व्हिडिओवर. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयाकडे असतात, पण तिथे जावं लागलं नाही. नावं पुकारली जातात, तेव्हा दिलेल्या वेळेआधी जोडून राहा आणि अर्ज क्रमांक, अहवालाची तारीख, उत्तराची प्रत समोर ठेवा. प्रश्न मोजकेच. ‘कूट’ म्हणजे काय, ‘मूठ’ म्हणजे काय, आणि दोन्ही मिळून काय? तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं होतं, आणि तेच कामाचं ठरलं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

१३ मे २०२४, सोमवारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झालं. तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. विरोध आलाच तर त्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत लेखी प्रत्युत्तर द्यावं लागतं, त्याला शुल्कही आहे. आम्हाला तो आला नाही. आली ती भलतीच पत्रं: ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’त नाव घालण्यासाठी अमुक रक्कम भरा, छपाई सरकारी पत्रासारखी. अर्जातला पत्ता सार्वजनिक असतो, त्यावरून हे पाठवतात. मूळ अर्जाच्या शुल्कात नोंदणीपर्यंतचं सगळं आलेलं असतं, वेगळं काही भरायचं नसतं.

१३ सप्टेंबरला मुदत संपली. ऑक्टोबर पूर्ण गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिती ‘रजिस्टर्ड’ आणि प्रमाणपत्राची पीडीएफ. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून दहा वर्षं मार्च २०३३ ला भरतील. ही मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात नूतनीकरण करता येतं. एकूण खर्च ४,५०० अधिक १,६५० अधिक २,०००, म्हणजे ८,१५० रुपये. नमुना लेबलं आणि चाचणीत संपलेलं मेतकूट धरलेलं नाही.

‘टीएम’ छापलेली हजारभर पाकिटं अजून शिल्लक आहेत, ती संपेपर्यंत तीच वापरतोय. त्यात काही चूक नाही. फोनवरून मागणी नोंदवणारे मात्र निम्मे जण अजून ‘कुटमुठ’ असं ऱ्हस्व म्हणतात, आणि एक आजी दर महिन्याला ‘मूठकूट पाठव’ म्हणतात. अर्धा किलो मेतकूट हवं असतं, हे आता न सांगता कळतं.